अलिबाग की जिनिव्हा?

चारकोपच्या मेट्रो डेपोच्या सान्निध्यात राहून साहित्य शिकवणाऱ्याला निर्वेध वाचनाचा प्रश्न रोजच पडतो. त्याची दोन उत्तरे मला पदार्थविज्ञानाच्या इतिहासात सापडली.

कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचे भरकटलेले चुंबकीय क्षेत्र या नोंदी दूषित करील, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी झाल्या आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली.

जिनिव्हाजवळच्या 'लेप' या २७ किलोमीटर परिघाच्या कणत्वरकाला असे स्थलांतर अशक्य होते. त्यातल्या कणझोताची ऊर्जा दिवसा किंचित हलत राही, मध्यरात्रीनंतर स्थिरावे. १९९५ मध्ये कारण उमगले. फ्रेंच रेल्वेच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह त्वरकाच्या धातूच्या नळीत शिरून चुंबकांचे क्षेत्र बदलत होता. शास्त्रज्ञांनी आगगाड्या थांबवल्या नाहीत. त्यांचा परिणाम मोजून हिशेबात धरला.

मूस यांचा निर्णय योग्यच होता. परंतु एका खोलीच्या घरात, लोकलच्या गर्दीत वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना अलिबाग उपलब्ध नाही. त्यांची बोली, जात, वस्ती त्यांच्या वाचनात झिरपणारच. तो प्रवाह दोष म्हणून खोडायचा, की मोजून अर्थाच्या हिशेबात धरायचा? मला वाटते, समीक्षेची खरी शिस्त दुसऱ्या वाटेवर आहे.