हाडात रुजलेला धातू

गुळगुळीत वस्तूवरून हात फिरवताना मन सुखावते, आणि खडबडीत वस्तू अपुरी, ओबडधोबड वाटते. परंतु ज्यांनी घरात दगडी जाते पाहिले आहे त्यांना दुसरी बाजूही ठाऊक असेल. आमच्या खानदेशात पूर्वी पाट्या-जात्याला टाकी लावणारी बाई दारावरून हाक देत जाई. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की धान्य नीट भरडले जात नसे. मग ती छन्नी-हातोडीने दगडाच्या तोंडावर बारीक टोचे मारी आणि जाते पुन्हा कामाला लागे. पकड हवी असेल तेथे गुळगुळीतपणा उपयोगाचा नाही, ही गोष्ट त्या बाईला कोणत्याही ग्रंथाविना कळली होती.

हेच तत्त्व मला पुन्हा भेटले ते माझ्या पत्नीच्या शरीरात. २०१९ साली धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्याजवळ झालेल्या अपघातात तिच्या डाव्या हाताचे हाड मोडले आणि वरचे समोरचे दोन दात गेले. ती मराठीची शिक्षिका. त, थ, द, ध हे वर्ण दंत्य का म्हणवतात, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडून तेच वर्ण हवेत विरू लागले. मुले हसली नाहीत. पण तिने वर्गात मोठ्याने वाचणे सोडले, आणि रविवारच्या मिस्सेतील वाचनासाठी उभे राहणेही. कळण्याची भाकरी तिला मोडून, भिजवून खावी लागे. त्याचे तिला फारसे दुःख नव्हते. आवाज गेल्याचे होते.

हातात टायटॅनियमची पट्टी बसली. पुढे दातांच्या जागी त्याच धातूचे दोन स्क्रू बसवायचे ठरले. तेव्हा दंतवैद्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. ते म्हणाले, “सर, हातातली पट्टी पुढेमागे काढायची आहे, म्हणून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात, हाडाने तिला धरू नये अशीच इच्छा असते. जबड्यातला स्क्रू मात्र कायमचा राहायचा आहे, म्हणून तो मुद्दाम खडबडीत केलेला असतो.” धातू एकच, पण कोणी पाहुणा म्हणून यायचे आणि कोणी घरचे होऊन राहायचे, हे त्याच्या पृष्ठभागावर ठरते.

या धातूचा शोध १७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर यांनी लावला. ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते व फावल्या वेळात खनिजांचा अभ्यास करीत. ओढ्यातील काळ्या वाळूत त्यांना एक अनोळखी धातू आढळला. चार वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी त्याला ग्रीक पुराणातील टायटनांचे नाव दिले. हाडाशी या धातूचे असलेले सख्य मात्र १९५० च्या दशकात उघड झाले. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी नळी वापरीत. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे पहिले स्क्रू बसवले. ते चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले.

टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. शरीराला भेटतो तो हा थर. म्हणून ते या धातूला परके मानत नाही. पण नुसते सहन करणे आणि जवळ घेणे यांत अंतर आहे. ते कमी करण्यासाठी पुढच्या संशोधकांनी धातूवर कठीण कणांचा मारा केला, मग तीव्र आम्लाने त्यात सूक्ष्म खळगे कोरले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरील प्रयोगात अशा पृष्ठभागाशी हाडाचा संपर्क अधिक आढळला. हे खळगे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाचे असतात. रक्ताची गुठळी त्यांत अडकून राहते आणि तिच्या धाग्यांवरून हाड घडवणाऱ्या पेशी धातूपर्यंत पोहोचतात. अर्थात खडबडीतपणालाही मर्यादा हवी. तो फार वाढला आणि हिरडीबाहेर उघडा पडला, तर तेथे जंतू ठाण मांडतात. म्हणून हिरडीलगतची कड पुष्कळदा गुळगुळीत राखतात.

पत्नीला मधुमेह आहे. त्यामुळे हाड स्क्रूला धरील की नाही, ही धास्ती होती. डॉक्टरांनी रक्तातील साखर आटोक्यात आणल्यावरच स्क्रू बसवले आणि तीन महिने थांबायला सांगितले. “तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विशेष जपा,” असे ते म्हणाले. पहिल्या दिवशी स्क्रू जुन्या हाडाच्या आधाराने घट्ट असतो. मग ते जुने हाड थोडे झिजते आणि नवे अजून पुरते आलेले नसते. नेमक्या त्याच दिवसांत दुखणे थांबलेले असते, आणि माणसाला वाटते की सारे ठीक झाले. आमच्या घरात त्या आठवड्यांत तिने मऊ भातावर आणि वरणावर दिवस काढले. कुणी भाकरीचा आग्रह केला नाही.

मला त्या काळात एक गोष्ट उमगली. कारागीर आणि वैद्य यांचे काम पृष्ठभाग तयार करण्यापर्यंतचे. पकड घेणे हे हाडाचे काम. ते त्याच्याच गतीने होते आणि त्याला घाई करता येत नाही. दुखावलेल्या माणसाला जवळ करतानाही आपण वरवरच्या गुळगुळीत शब्दांनी घाई करतो. त्याला धरता येईल असे काही आपल्यापाशी आहे का, हे क्वचितच पाहतो.

तीन महिन्यांनी दोन्ही स्क्रू पक्के असल्याचे दिसले व त्यांवर दात बसले. पुढे हातातील पट्टीही निघाली. डॉक्टरांनी ती स्वच्छ करून पत्नीच्या हाती दिली. आरशासारखी झळाळणारी ती पट्टी आता आमच्या कपाटात पडून आहे. तिची भावंडे मात्र जबड्यात रुजली आहेत. ती कोणाला दिसत नाहीत. ती ‘दया’ म्हणते तेव्हा मला ऐकू येतात.