थंडीतली सैल अंगठी आणि माझी चूक

आजची नोंद पिकाची नाही, माझ्याच एका चुकीची आहे. थोडी लाजेची आहे, पण लिहितो. लागवडीचे दिवस आहेत, कुणाच्या तरी कामाला येईल.

मागच्या जानेवारीत आमच्याकडं उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. आमचा निफाड तालुका म्हणजे थंडीचं माहेर. त्या सकाळी ६-७ अंशांची थंडी असेल. लावणीची टोळी यायच्या आधी मी रोपांच्या जुड्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवत बसलो होतो. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, पण लाईट नव्हती, म्हणून रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी टबात घेतलं. हात घातला की कळ डोक्यात जायची.

दुपारी जेवायला बसलो तर बोटात अंगठी नाही. लग्नातली, १९९६ सालची. सासऱ्यांनी कांदा विकून केलेली. ते आता नाहीत. काळजात धस्स झालं.

वाफ्यातून, बांधावर, रोपांच्या ढिगात शोधलं. सापडेना. मग माझी जीभ घसरली. मुकादमाला सगळ्यांसमोर म्हणालो, "बायांना जरा आपापल्या पिशव्या बघायला सांग." टोळीतली सगळ्यात थोरली मावशी उठली. भाकरीचं फडकं, मिश्रीची डबी, स्वेटर, सगळं माझ्यासमोर मातीत ओतलं. "बघून घ्या भाऊ," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी टोळीच आली नाही. रोप उपटून ठेवलेलं, वाफे भिजवलेले. पण खरं सांगतो, रोपापेक्षा ते ओतलेलं फडकं जास्त डोळ्यासमोर यायचं.

तिसऱ्या दिवशी टब धुवायला घेतला. तळाशी मुळांची माती साचली होती. त्यात अंगठी.

संध्याकाळी मी आणि आमच्या घरच्या मावशीच्या दारात गेलो. हात जोडले. ती म्हणाली, "सापडली ना, बरं झालं. पण भाऊ, आधी टबात हात घालायचा, मग आमच्या पिशवीत." त्यावर काय बोलणार?

मग मी विचार केला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं न पडलेली अंगठी त्याच दिवशी कशी पडली? तसं पाहिलं तर दर मे महिन्यात ती बोटात रुतायची, साबण लावूनही निघत नसे. सोनाराकडं गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "माप कधी दिलं होतं?" लग्न वैशाखातलं, माप ऐन उन्हात दिलेलं. तो म्हणाला, तिथंच आलं सगळं. सोनं नाही बदलत, बोट बदलतं.

उन्हात अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, बोटं फुगतात. थंडीत त्याच वाहिन्या आवळतात, ऊब आत राखायला, आणि बोट बारीक होतं. वर ओला, बुळबुळीत हात असला की अंगठी कधी सुटली ते कळतही नाही. बधिर झालेल्या बोटाला तर नाहीच.

मला वाटायचं धातू तापला की वाढतो, म्हणजे उन्हात अंगठी सैल व्हायला पाहिजे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना आपण बघितलंय. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायची, चाकावर बसवायची, पाणी ओतलं की आवळून घट्ट. पण तिथं चार फुटी चाक असतं आणि ५०० अंशांची आच. परिघात दोन सेंटिमीटर तरी फरक पडतो. अंगठी १८ मिलिमीटरची आणि आपला थंडी-उन्हाचा फरक ३०-३५ अंशांचा. त्यात सोनं मिलिमीटरचा शंभरावा भागही वाढत नाही.

गंमत म्हणजे, उन्हाळ्यात चाकाची धाव सैल होते आणि अंगठी घट्ट. कारण दोन्हीकडं आतलंच बदलतं. लाकूड वाळून आकसतं, बोट फुगतं. म्हणून तर आपले वडील उन्हाळ्यात गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायचे.

आता कामाच्या गोष्टी:

१. अंगठीचं माप ऐन उन्हात देऊ नका, कडाक्याच्या थंडीतही नको. काम करून आल्या आल्या तर नकोच. साध्या हवेच्या दिवशी, हात निवल्यावर द्या. पेरावरून जाताना थोडी अडली पाहिजे.

२. थंडीत सैल होत असेल तर खालच्या बाजूनं दोरा गुंडाळा.

३. औषध कालवताना, फवारताना, रोप बुडवताना अंगठी घरी ठेवा. तिच्याखाली औषध साचून कातडीला लागत राहतं. हातमोजे घाला. मी उघड्या हातानं बुडवत होतो, ही दुसरी चूक.

४. मळणीयंत्र, कडबाकुट्टीजवळ अंगठी नकोच. ट्रॉलीवरून उडी मारताना कड्याला अडकली तर बोट जातं.

५. हाताला विंचू, गांधीलमाशी किंवा साप डसला तर सूज चढायच्या आत अंगठी, कडं, घड्याळ काढा आणि दवाखाना गाठा.

६. अडकली तर ओढाताण नको. हात थोडा वेळ वर धरा, गार पाण्यात बुडवा, तेल किंवा साबण लावून फिरवत काढा. बोट निळं पडलं, बधिर झालं तर लगेच दवाखान्यात जाऊन कापून घ्या. अंगठी पुन्हा जोडता येते.

यंदाची लागवड परवा सुरू झाली. तीच टोळी आहे. मावशी बांधावर आली की आधी माझ्या हाताकडं बघते. मी दोन्ही पंजे वर करून दाखवतो. अंगठी घरी, देव्हाऱ्यात.