चोवीस नांवांची किल्ली

संध्येच्या आरंभीं विष्णूचीं चोवीस नांवें उच्चारण्याचा परिपाठ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. केशवापासून आरंभ होतो आणि श्रीकृष्णापाशीं समाप्ति होते. पण बहुतेकांच्या मुखांतून हीं नांवें इतक्या त्वरेनें बाहेर पडतात, कीं तीं मोजून पाहण्याची सवड कोणासच नसते. आमच्या एका पुतण्याची मुंज नुकतीच झाली. एके दिवशीं सकाळीं त्यानें पळी ताम्हनांत ठेवून विचारलें, "काका, हीं नांवें चोवीसच कां? पंचवीस कां नाहींत?" घरांत वडीलधारी मंडळी पुष्कळ, परंतु त्या प्रश्नाला उत्तर देण्यास कोणीच पुढें आलें नाहीं. पुढें आम्हांस उत्तर मिळालें तें दोन ठिकाणीं मिळून. अर्धें एका विद्यापीठाच्या ग्रंथालयांत, कलाविषयक पुस्तकांच्या कपाटांत. आणि अर्धें जालना जिल्ह्यांतील अन्वा नांवाच्या गांवीं, उघड्यावरच्या दगडांत. हीं दोन अर्धीं एकमेकांपासून किती दूर पडलीं आहेत, हें त्या प्रवासांत आमच्या ध्यानांत आलें, आणि तेंच वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथालयाविषयीं. हिंदु मूर्तिशास्त्रावरील गोपीनाथ राव यांचा मोठा ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळांत प्रसिद्ध झाला. मराठवाडा विद्यापीठांत इतिहासाचें अध्यापन करणारे प्रा. रमेश शंकर गुप्ते यांनीं हिंदु, बौद्ध आणि जैन मूर्तींवर लिहिलेलें पुस्तक १९७२ सालीं निघालें. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत. आकारानें मोठे, किंमतीनें भारी. सामान्य गृहस्थाच्या घरीं ते असण्याचा संभव थोडा. आम्ही ज्या ग्रंथालयांत बसलों, तेथें असलीं पुस्तकें बाहेर नेण्यास मुभा नव्हती; आणि दुर्मिळ पुस्तकांच्या बाबतींत तसा नियम असणें वाजवीच आहे. तेव्हां आम्ही वही काढली, चार रकाने आंखले, आणि पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत उतरून घेतलें.

तें उत्तर असें. चतुर्भुज विष्णूच्या हातीं शंख, चक्र, गदा आणि पद्म हीं चार आयुधें असतात. चार वस्तु चार हातांत जितक्या निरनिराळ्या क्रमांनीं देतां येतील, ते क्रम मोजले तर बरोबर चोवीस भरतात. न एक अधिक, न एक उणा. शिल्पशास्त्रकारांनीं प्रत्येक क्रमास एकेक नांव नेमून दिलें. देवाच्या उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून आरंभ करावयाचा, तेथून उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटीं डावा खालचा, असें वाचीत जावयाचें. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असा लागला तर नारायण. पंधराव्या शतकांत मेवाडांत सूत्रधार मंडन यानें रचलेल्या रूपमंडनांत ही व्यवस्था सांगितलेली आहे. इतर ग्रंथांतून कांहीं नांवांच्या बाबतींत पाठभेद आढळतात. नांवें चोवीस होण्याचीं उपासनेच्या दृष्टीनें आणखीहि कारणें असतील. पण मूर्ति ओळखणाऱ्यास ही एवढी किल्ली पुरे आहे. शिवाय प्रत्येक रूपाची एक शक्तीहि सांगितली आहे. केशवाची कीर्ति, नारायणाची कांति, माधवाची तुष्टि, गोविंदाची पुष्टि. यांतलीं कांहीं नांवें आपल्या घरच्या मुलींना आपण ठेवतों, आणि तुष्टि-पुष्टि तर मंगलकार्यांतील मातृकापूजनांत आपण दर वेळीं ऐकतों.

वही घेऊन आम्ही पुतण्यासह जालन्यास उतरलों. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वीं या मुलुखाचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. उत्तरेस निघालें म्हणजे राजूरच्या गणपतीची टेकडी लागते. तेथें दर्शन घेऊन पुढें गेलें, कीं केळना नदीच्या कांठीं भोकरदन येतें. आजचें भोकरदन तालुक्याचें एक सामान्य गांव दिसतें. परंतु याचें जुनें नांव भोगवर्धन. सांची आणि भरहूत येथील स्तूपांस ज्यांनीं दानें दिलीं, त्यांच्या नांवांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचाहि उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं येथले लोक इतके संपन्न आणि प्रवासी होते, कीं त्यांनीं आपल्या गांवाचें नांव मध्य हिंदुस्थानांतील दगडांवर कोरून ठेविलें.

१९७३ सालीं नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून भोकरदन येथें उत्खनन केलें. त्याचा वृत्तांत शां. भा. देव आणि गुप्ते यांनीं लिहून १९७४ सालीं प्रसिद्ध केला. येथें सातवाहनकालीन वस्तींत मणी, शंखाच्या वस्तु, मातीच्या मूर्ति यांबरोबर हस्तिदंती कोरीव कामहि हातीं आलें. त्यांतील स्त्रीमूर्तीची घडण पाहून अभ्यासकांस एकदम आठवण झाली ती इटलींतील पाँपेई शहराची. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या त्या शहरांत अमेदेओ मायुरी यांना १९३८ सालीं एक हिंदी हस्तिदंती मूर्ति सांपडली होती. सुमारें एक वीत उंचीची, अलंकारांनीं मढलेली, दोन बाजूंस दोन दासी असलेली ती मूर्ति नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. ती मथुरेकडची असावी असा प्रथम समज होता; भोकरदनच्या शोधानंतर ती याच गांवच्या कारागिरांच्या हातची असण्याचा संभव मोठा, असें मत विद्वान मांडूं लागले.

एवढी मोठी कीर्ति ज्या गांवास लाभली, तेथें आम्ही चहाच्या दुकानांत, एस. टी.च्या थांब्यावर, भाजीच्या बाजारांत सहज विचारून पाहिलें. आम्हांस भेटलेल्यांपैकीं दोघांतिघांनीं पूर्वीं येथें खणती झाल्याचें वडिलांकडून ऐकलें होतें. इटलीची गोष्ट मात्र त्यांस नवीन होती. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्या गांवांत निघालेल्या वस्तूचें चित्र तरी आम्हांला दाखवा कीं!" या बोलण्यांत रोष नव्हता, पण आम्ही निरुत्तर झालों. तें चित्र छापलेलें आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तें पुस्तक कोणत्या तऱ्हेच्या कपाटांत असतें, हेंहि ठाऊक होतें. आणि तें त्यांच्यापर्यंत पोंचण्याची वाट मात्र आम्हांस सांगतां येईना.

भोकरदन तालुक्यांतच अन्वा आहे. गांवांतील महादेवाचें मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचें असून सरकारनें तें संरक्षित केलें आहे. उंच जोतें, कोरीव खांबांचा प्रशस्त सभामंडप, आणि गाभाऱ्यांत पिंड. परंतु प्रदक्षिणेस निघालें म्हणजे बाहेरच्या भिंतींवर आढळतात त्या विष्णूचीं आयुधें धारण केलेल्या देवी. अभ्यासकांनीं त्या विष्णूच्या शक्ति म्हणून ओळखल्या आहेत, त्या याच आयुधांच्या क्रमावरून. मूळचें मंदिर विष्णूचें असावें, या तर्काला त्यांच्याच अस्तित्वानें बळ मिळतें.

पुतण्यानें वही उघडली. प्रथम तो फसला. त्यानें आपल्या उजव्या हाताकडून वाचावयास आरंभ केला. "अरे, उजवा हात देवीचा धरावयाचा, तुझा नव्हे," असें सांगितल्यावर तो पुन्हां मूर्तीसमोर उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून त्यानें स्वतःचे हात पुढेंमागें करून पाहिले, आणि मग एकेक आयुध मोठ्यानें वाचूं लागला. तेवढ्यांत गांवचीं चार-पांच मुलें जमलीं. त्यांतल्या एका मुलीला गदा आणि मिटलेलें कमळ यांतला भेद आमच्यापेक्षां लवकर कळला. वहींतला रकाना आणि दगडांतले हात जुळले, तेव्हां त्या मुलांनीं जो कल्ला केला, तो शेजारच्या ओसरीवरील म्हाताऱ्या बाईंनाहि बाहेर घेऊन आला. "आम्ही नुसतें देवी म्हणून हात जोडतों," त्या म्हणाल्या, "हिला हिचें असें वेगळें नांव आहे होय?"

पुढच्या एका मूर्तीपाशीं मात्र वाचन अडलें. तिचा एक हात तुटला होता. मुलें हिरमुसलीं, पण पुतण्यानेंच तोड काढली, कीं तीन आयुधें ओळखूं आलीं तर चौथें आपोआप ठरतें. बरोबर आहे, एक हात गेला तरी नांव राहतें. दोन हात गेले म्हणजे दोन नांवांचा संशय उरतो. तीन गेले कीं सहा नांवें संभवतात, आणि चारी गेले म्हणजे चोविसांतलें कोणतेंहि असूं शकेल. मग ती केवळ एक भग्न बाई! पाऊस, ऊन, शेवाळ, आणि भाविकांच्या हातचें तेल व रंग, यांच्या मिळून कामानें दगड झिजतो तेव्हां नुसतें सौंदर्य जात नाहीं, नांव जातें. आज जें वाचतां येतें, तें आणखी पन्नास वर्षांनीं वाचतां येईलच, अशी हमी कोण देणार?

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं विद्यापीठांतील कलाग्रंथालयाचें काम वाचकानें दारापर्यंत येण्याची वाट पाहण्याइतकेंच मानूं नये. वर्षांतून एखादें व्याख्यान, एखादें ग्रंथप्रदर्शन, उद्‌घाटनाची फीत आणि हार, एवढ्यानें ग्रंथालय लोकांत गेलें असें होत नाहीं. कारण त्या सभागृहांत बहुधा तेच लोक येतात, ज्यांस दार आधींच उघडें आहे. ही कल्पना कांहीं नवीन नव्हे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणलें, आणि त्यांच्या संस्थानांत पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. निरक्षरांसाठीं मॅजिक लँटर्नचीं चित्रें दाखविण्याचीहि सोय त्यांनीं ग्रंथालय खात्यांतच केली. ज्यास वाचतां येत नाहीं त्यालाहि ग्रंथालयाचा अधिकार आहे, हें त्या राजानें मानलें होतें.

आतां तर पेटीहि नको. ग्रंथ कपाटांतच सुरक्षित राहोत; त्यांतील अन्व्याचें एक पान मराठींत, मोठ्या अक्षरांत, आयुधांच्या चार आकृतींसह छापून गांवच्या शाळेंत लावावें. महिन्यांतून एका रविवारीं ग्रंथपाल, एक अध्यापक आणि चार विद्यार्थी यांनीं मंदिराच्या ओट्यावर बसून मुलांकडून मूर्ति वाचून घ्याव्या. भोकरदनच्या लोकांस त्यांच्या हस्तिदंती मूर्तीचें आणि तिच्या पाँपेईच्या भगिनीचें चित्र शेजारीं शेजारीं दाखवावें. आणि येतांना ग्रंथालयानें रिकाम्या हातीं परत येऊं नये. गांवांत कोणाच्या लग्नाच्या, जत्रेच्या जुन्या छायाचित्रांत मागें ही भिंत असेल. त्यांत आज तुटलेला हात शाबूत दिसत असेल. अशा चित्राची प्रत घेऊन ठेवणें हें एखादा महागडा ग्रंथ विकत घेण्याइतकेंच ग्रंथालयाचें काम आहे. यास पैसा लागतो तो थोडा. लागतें ती मुख्यतः ग्रंथालयाबाहेर पाऊल टाकण्याची इच्छा.

कोणी म्हणेल, विद्यापीठानें संशोधन करावें. खेड्यांतल्या पोरांना शिकविण्याचा हा उद्योग त्याचा नव्हे. परंतु ज्या संशोधनाचा विषयच गांवाच्या भिंतीवर उभा आहे, त्याचे पहिले राखणदार त्या गांवचे लोक आहेत. ज्या मूर्तीचें नांव मुलांना वाचतां येतें, तिच्यावर तीं दगड फेंकीत नाहींत आणि दुसऱ्यास रंग फांसूं देत नाहींत, इतका विश्वास आम्हांस त्या एका दुपारीं आला.

निघतांना त्या मुलीनें वही मागितली. रकान्यांचीं तीं दोन पानें आम्ही पुतण्याच्या संमतीनें फाडून तिला दिलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरीं तो संध्येस बसला, तेव्हां नेहमींपेक्षां त्याला वेळ लागला. प्रत्येक नांवागणिक तो क्षणभर थांबत होता, आणि पळी धरलेल्या हाताचीं बोटें किंचित् हलत होतीं. तो आयुधें मोजीत होता, हें आम्हांस कळलें. आणि कोणींहि त्याला लवकर आटप म्हटलें नाहीं.