समृद्धीची वाट आणि टायरचे वय

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावतो. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मुंबईत पेढी असलेल्या वऱ्हाडातील कुटुंबांना कारंजा लाडची मंदिरे आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ या महामार्गाने बरेच जवळ आणले आहेत.

जुन्या वाटेवर जालना, सिंदखेडराजा, मेहकर अशी गावे लागत. बाजारपेठेत गाडी मंदावे, चहापाण्यासाठी थांबे. माणसांबरोबर टायरही विसावत. नव्या रस्त्यावर हे थांबे जवळजवळ उरले नाहीत. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा, वैशाखात तापलेले सिमेंट आणि तासन्तास अखंड धाव. टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक दबते आणि आतील उष्णता वाढत जाते. घर ते दुकान एवढ्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे निभावलेला टायर येथे दगा देऊ शकतो. म्हणूनच परिवहन विभागाने या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी धाडण्याची मोहीम हाती घेतली होती.

झीज डोळ्यांना दिसते. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली केवळ १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बाद झाला. वय मात्र असे दिसत नाही. व्यापारी कुटुंबांतील कित्येक गाड्या आठवडाभर उभ्याच असतात. त्यांची नक्षी नव्यासारखी खोल राहते. रबर मात्र ऊन आणि हवेने आतून कडक होत जाते.

दुकानात माल घेताना तयारीची तारीख पाहणाऱ्याला टायरवरील तारीख वाचणे अवघड नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, वापरू नये, असा टायर उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला आहे. काही मोटार कंपन्या सहा वर्षांतच बदलण्यास सांगतात. बाजूवर बारीक भेगांचे जाळे दिसल्यास प्रवासापूर्वीच टायर दाखवावा. फुगवटा असल्यास आतील धागे तुटलेले असतात. असा टायर वयाने नवा असला तरी तत्काळ काढावा.

डिकीतील पाचव्या टायरलाही हीच तारीख लागू पडते. पहाटे निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या मापाने पाचही टायरांची हवा पाहावी. कारंजाच्या फाट्यापर्यंतची वाट लांब आहे आणि गाडीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर बसलेले असते.