प्रिमरोझ हिल : एक शांत वस्ती व तिची चहागृहे

परक्या शहरास जाऊन आलेला मनुष्य तेथील राजवाडे, पदार्थसंग्रहालये आणि मोठमोठे पूल यांची वर्णने हौसेने सांगतो आणि ऐकणारेही तीच ऐकावयास बसलेले असतात. परंतु पाहुण्यास दिवाणखाना दाखविला म्हणजे त्यास घर कळले असे होत नाही. घराची रीत माजघरात कळते. शहराचेही तसेच आहे. लंडनचे माजघर पाहावयाचे असेल, तर ज्या वस्त्यांत लोक नुसते राहतात, सकाळी दूध-पाव आणतात, मुलांना शाळेत पोचवितात आणि कोपऱ्यावर बसून चहा घेतात, अशा एखाद्या वस्तीत चार दिवस काढले पाहिजेत. आमच्या भाच्याच्या बिऱ्हाडी तशी संधी आम्हांस लाभली. त्या वस्तीचे नाव प्रिमरोझ हिल. तेथे प्रथम नजरेत भरणारी गोष्ट अशी की, चहागृहांत माणसांबरोबर कुत्रीही पाहुणी म्हणून येतात.

रीजंट्स पार्क या विस्तीर्ण बागेच्या उत्तरेस जी हिरवी टेकडी आहे, तिच्यावरून वस्तीस हे नाव पडले. टेकडीची उंची अवघी सुमारे ६३ मीटर. आपल्या पर्वतीची सवय असलेल्या मनुष्यास ती टेकडी म्हणावी की उंचवटा, असा प्रश्न पडेल. पण लंडन इतके सपाट, की एवढ्या उंचीवरून सेंट पॉलचा घुमट आणि दक्षिणेकडील उंच इमारती एका नजरेत येतात. पूर्वी ही जमीन ईटन कॉलेजच्या मालकीची होती. १८४२ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती सर्व लोकांसाठी मोकळी झाली. जवळचे भुयारी रेल्वेचे स्थानक चॉक फार्म. तेथून उतरून गेले म्हणजे युस्टनहून उत्तरेस जाणाऱ्या रेल्वेवरील एक पूल लागतो. या पुलावरून केवळ पादचारी व सायकलस्वार जातात, मोटारींस मज्जाव आहे, आणि वस्तीच्या शांततेचे निम्मे श्रेय या पुलास दिले पाहिजे. पूल ओलांडला की गलबला मागे राहतो. पुढे रीजंट्स पार्क रोड हा किंचित वळणाचा रस्ता, त्याच्या दुतर्फा पुस्तकांची, फुलांची, पावांची लहान दुकाने आणि आतल्या चॅल्कॉट स्क्वेअरमध्ये गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगांनी रंगविलेली घरे. याच रस्त्यावरील १२२ क्रमांकाच्या घरात मार्क्सचा स्नेही फ्रीड्रिख एंगेल्स १८७० पासून १८९४ पर्यंत राहत असे.

सकाळी आठाच्या सुमारास टेकडीवर जावे. तेथे बहुतेक भागांत कुत्री मोकळी सोडण्यास मुभा आहे. ताठ चालणारी, लोळणारी, लांब कानांची, आखूड पायांची अशी नाना जातींची कुत्री गवतावर धावत असतात आणि मालक एकमेकांची नावे ठाऊक नसताही एकमेकांच्या कुत्र्यांस नावाने हाका मारतात. डोडी स्मिथ या लेखिकेने १९५६ साली लिहिलेली ‘द हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ ही बालकथा पुष्कळांच्या मुलांनी चित्रपटाच्या रूपाने पाहिली असेल. तीत हरवलेल्या पिलांची बातमी कुत्री एकमेकांस भुंकून देशभर पोचवितात, आणि या सांजभुंकण्याचा आरंभ याच टेकडीवरून होतो. लेखिकेने ही जागा का निवडली, हे सकाळच्या एका फेरीत कळते.

फेरी संपली की मंडळी चहागृहांकडे वळतात. येथे दुकानांची नावे देण्यात अर्थ नाही. ती चार-दोन वर्षांत बदलतात. त्यापेक्षा खुणा सांगणे बरे. दाराबाहेर पाण्याचे भांडे ठेवलेले असते. काचेवर कुत्र्याचे लहानसे चित्र चिकटविलेले असते. भिंतीस पट्टा अडकविण्याकरिता आकडा असतो आणि गल्ल्याजवळ माणसांच्या बिस्किटांशेजारी कुत्र्यांच्या बिस्किटांची बरणी असते. यांतील दोन खुणा दिसल्या म्हणजे खुशाल आत जावे. एकही न दिसल्यास उंबऱ्यावर थांबून विचारावे. विचारणाऱ्यास हसून उत्तर मिळते आणि न विचारता शिरणाऱ्याकडे मंडळी पाहू लागतात.

आत गेल्यावरचे नियम कोठे लिहिलेले नसतात, पण सर्वांस पाठ असतात. कुत्र्याने टेबलाखाली बसावे, खुर्चीवर नव्हे. पट्टा आखूड धरावा, म्हणजे चहा नेणाऱ्या मुलीच्या पायांत तो येत नाही. दुसऱ्याच्या कुत्र्यास हात लावण्यापूर्वी मालकास विचारावे. आपल्या बशीतील घास कुत्र्यास देऊ नये. पावसाने भिजलेले अंग बाहेरच पुसून घ्यावे. आणि मुख्य नियम असा की, जे कुत्रे भुंकत राहील त्याच्या मालकाने स्वतः उठून, कोणी सांगण्याची वाट न पाहता, बाहेर जावे. आम्ही बसलो असता एका भल्या मोठ्या कुत्र्यास दाराशीच परत फिरताना पाहिले आणि त्याच वेळी त्याहून मोठे एक कोपऱ्यात स्वस्थ घोरत होते. आकार, जात आणि किंमत यांचा तेथे विचार नव्हता, वागणुकीचा होता.

आमच्या सौभाग्यवतीस हा प्रकार प्रथम मुळीच रुचला नाही. भाच्याचे कुत्रे टेबलाखाली शिरताच तिने पदर व निऱ्या सावरून पाय वर घेतले.

“मामी, घाबरू नका, तो काही करायचा नाही,” भाचा म्हणाला.

“घाबरते कोण? पण अरे, खाण्याच्या जागी कुत्रं! हे सरकारला चालतं तरी कसं?”

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर मिळविले ते येथे देतो. कुत्र्यांनी चहागृहात येऊ नये असा तेथे कायदा नाही. २००४ सालच्या युरोपीय अन्नस्वच्छतेच्या नियमांतून आलेले बंधन इतकेच की, जेथे अन्न शिजते, हाताळले जाते वा साठविले जाते तेथे पाळीव प्राण्यांस येऊ देऊ नये. म्हणजे स्वयंपाकघराचे सोवळे कायद्याने राखलेले आहे आणि बाहेरच्या बैठकीचा निर्णय मालकाच्या मर्जीवर सोपविला आहे. अंधांस वाट दाखविणारी व तत्सम साहाय्यक कुत्री मात्र या मर्जीच्या बाहेर. २०१० च्या समानतेच्या कायद्यामुळे त्यांस सहसा नाकारता येत नाही. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचे नाव व पत्ता हवा, असा १९९२ चा हुकूम आहे आणि २०१६ पासून इंग्लंडात प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती बसविणे सक्तीचे आहे.

या सर्व निर्धास्तपणाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. कुत्र्यांची पिसाळी, म्हणजे रेबीज, ब्रिटनमधून १९०२ मध्ये नाहीशी झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर ती परत आली, आणि मुसक्या व सक्तीचा एकांतवास यांच्या साहाय्याने १९२२ मध्ये पुन्हा हद्दपार झाली. आपल्याकडे या रोगाने दरवर्षी माणसे मरतात. तेव्हा आपल्या घरांतील वडील माणसे कुत्र्यास उंबऱ्याबाहेर ठेवीत आली, त्यात नुसते सोवळेच होते असे नव्हे; अनुभवाचे भयही होते.

आणि आपल्या परंपरेने कुत्र्यास केवळ झिडकारलेच आहे असेही नाही. धर्मराजाने कुत्र्यास टाकून स्वर्गाच्या रथात चढण्याचे नाकारले. श्रीदत्ताच्या पायांशी चार श्वान आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण मुलांस सांगतो. परंतु याच परंपरेत दुसरीही एक ओळ आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने ज्यांच्यासाठी भूमीवर हलकेच अन्न ठेवावयाचे त्यांची यादी दिली आहे आणि तीत कुत्री, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे व कृमी हे सारे एकत्र गोवले आहेत. गीतेच्या पाचव्या अध्यायात कुत्रा आणि श्वपाक पुन्हा शेजारी येतात. पण तेथे ज्ञानी पुरुष ब्राह्मणासकट सर्वांकडे समदृष्टीने पाहतो. उंबऱ्याबाहेर घास ठेवण्याची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली. समदृष्टीचा श्लोक मात्र पुष्कळदा पाठांतरापुरताच राहिला.

हे विचार प्रिमरोझ हिल येथे मनात येण्यास सबळ कारण आहे. मघाच्या पुलाजवळच किंग हेन्रीज रोड फुटतो. त्यावरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत असत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांचा अभ्यास त्या वेळी चालू होता. घरावर त्यांच्या नावाची निळी तबकडी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतले. राहत्या घराचे स्मारक करण्यास स्थानिक कौन्सिलाने प्रथम परवानगी नाकारली. राहण्याची एक जागा कमी होते, हे कौन्सिलाचे म्हणणे. वर्दळ व गलबला होतो, ही काही शेजाऱ्यांची तक्रार. पुढे अपिलात मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. शांत वस्तीची शांतता अशी दुधारी असते : ती सर्वांस हवीशी वाटते आणि नव्या पाहुण्यास दाराशी थांबविण्याच्या कामीही ती येते.

इंग्लंडहून परतलेल्या याच पुरुषाने २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. ज्या तळ्यावर गुराढोरांस मज्जाव नव्हता, तेथे माणसांना तो होता. हॉटेलांतही काही माणसांसाठी निराळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, हे आपल्या वडील पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास ज्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही त्यांत दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी व तलाव यांची नावे घालून नोंद आहे. इतक्या थोर ग्रंथात चहाच्या दुकानाची गोष्ट यावी, यात नवल नाही. माणसाचा मान बहुतेक वेळा अशा साध्या जागीच राखला जातो किंवा घालविला जातो. इंग्रजांनीही याबाबतीत फार ताठा मिरवावा असे नाही : वर्णावरून हॉटेलात वा चहागृहात प्रवेश नाकारणे बेकायदा ठरविणारा त्यांचा पहिला कायदा १९६५ सालचा, म्हणजे आपल्या घटनेनंतर पंधरा वर्षांनी आला.

प्रिमरोझ हिलच्या चहागृहांतून शिकण्यासारखे काय, असे कोणी विचारील तर आम्ही असे सांगू की, कुत्र्यास आपल्या पंगतीजवळ बसविणे हे नव्हे. ज्याच्या त्याच्या घराची रीत, जागेची सोय आणि रोगाचे भय पाहून ते ज्याने त्याने ठरवावे. शिकण्यासारखे आहे ते हे की, तेथे मुक्या प्राण्यासही दाराशी एकच प्रश्न विचारतात : हा नीट बसेल ना? तो कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारीत नाहीत. आपल्या कुटुंबांत आजही कामाला येणाऱ्या बाईचा कप निराळ्या फळीवर असेल, तर तो तेथे का आहे, हे एकदा घरातील सर्वांनी मिळून विचारात घ्यावे. सौभाग्यवतीने हा विषय त्याच रात्री भाच्याच्या घरी काढला, आणि उत्तर देताना आम्हां सर्वांचीच बरीच धांदल उडाली.

लंडनास जाणाऱ्या वाचकांनी सकाळ या वस्तीसाठी राखून ठेवावी. आधी टेकडी, मग चहा, मग किंग हेन्रीज रोड, असा क्रम सोयीचा पडतो. स्मारक पाहण्याची वेळ अगोदर विचारून घ्यावी. आणि त्या रस्त्यावर मंडळी दहा-पंधरा असली तरी हळू बोलावे. शेजारच्या खिडक्या उघड्या असतात, आणि चहागृहात कुत्र्यांकडून जी अपेक्षा आहे ती आपणांकडून पुरी होण्यास काहीच अडचण नसावी.