सदरच्या घंटा आणि टाकळीचे दगड

सीताबर्डीची टेकडी मागें टाकून उत्तरेकडे वळलें, कीं नागपूरचा सदर भाग लागतो. रेसिडेन्सी रोडवरील दुकानांची गजबज सरते न सरते तोंच मोठ्या झाडांच्या सांवलींत चर्चचीं आवारें दिसूं लागतात. १८५१ सालीं उभें राहिलेलें ऑल सेंट्स येथेंच आहे. सेंट फ्रान्सिस डि सेल्स यांच्या नांवाचें कॅथीड्रलहि याच भागांत. रविवारीं सकाळीं या घंटा ऐकूं येऊं लागल्या, कीं आम्हांस आमच्या घरांतील एक जुनी संवय आठवते. ‘मिशनच्या बाजूला’ हे शब्द वडील मंडळी नेहमीं आवाज किंचित् खालीं आणून उच्चारीत. मुलांना इंग्रजी शिक्षण मिशनच्या शाळेंत मिळावें, अशी इच्छा. आणि मूल तेथून परत येईल तें आपलेंच राहून येईल ना, अशी धास्ती! या दोन भावना एकाच माजघरांत शेजारीं शेजारीं नांदत असत.

ही धास्ती अगदींच निराधार होती, असें म्हणतां येत नाहीं. नारायण वामन टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या पदरीं विद्याव्यासंगांत होते. पुढें १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांना बायबलची प्रत दिली, आणि १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या एका प्रवासामुळें लक्ष्मीबाईंच्या संसाराचे कसे दोन तुकडे झाले, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या कोणत्याहि भगिनीस सांगावयास नको.

या मिशनच्या कार्याचा नागपुरांतील आरंभ १८४५ सालचा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा तरुण पाद्री त्या सालीं येथें आला. तेव्हां नागपुरास भोसल्यांची गादी होती. आल्याबरोबर त्यानें प्रथम मराठीचा अभ्यास हातीं घेतला, आणि दुसऱ्या वर्षीं शाळा काढली. पुढें त्याचा दिनक्रम ठरून गेला. शाळेचे दिवस मुलांना शिकविण्यांत जात. थंडी पडली कीं खेडोपाडीं हिंडणें सुरू होई. हिंडतांना उपदेश तर तो करीच. परंतु ऐकण्याची संवयहि त्यानें लावून घेतली होती. गोंडांच्या चालीरीती, त्यांचे शब्द, लिंगोचें लांबलचक गीत, हें सारें त्यानें टिपून ठेवलें. त्याच्या पश्चात् १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं तीं टिपणें छापून प्रसिद्ध केलीं.

सदरहून वायव्येस टाकळी आहे. आज तेथें वस्ती दाटली आहे. हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना तेथील खडकांत गोड्या पाण्यांतील शिंपल्यांचे जीवाश्म सांपडले. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मांत तर त्यांना झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. त्यांत ‘ग्लॉसॉप्टेरिस’ नांवाचें, जिभेच्या आकाराचें एक पान आहे. हेंच पान दक्षिण आफ्रिकेच्या खडकांतहि आढळतें. एके काळीं ही आपली भूमि व आफ्रिका एकाच महाखंडाचे भाग होत्या, या सिद्धांतास अशा पानांनीं मोठा आधार दिला. आणि त्या महाखंडास नांव मिळालें तें आपल्या गोंडवनाचें. स्वर्गाची वाट दाखविण्यास आलेल्या माणसानें आमच्याच पायाखालचे दगड आम्हांस ओळखवून द्यावेत, हें विशेषच म्हटलें पाहिजे.

त्याच सुमारास हिस्लॉपचा देशबांधव डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा दक्षिण आफ्रिकेंत काम करीत होता. १८४१ सालीं तो तेथें गेला आणि १८७३ सालीं आफ्रिकेंतच वारला. त्याच्या हृदयाचें जेथें दफन झालें, तेथील झाडावर लेख कोरणारा जेकब वेनराइट हा आफ्रिकन तरुण आपल्या नाशकाच्या मिशनमध्यें शिकलेला होता! या दोघांच्या धर्मप्रसाराविषयीं आमचें मत कांहींहि असो, दोघांनींहि परक्या मातींत आपलें आयुष्य वेंचलें, हें नाकारतां येणार नाहीं.

आज अनेक देशांतील चर्चे आपल्या तरुण-तरुणींना दोन-चार आठवड्यांपुरतीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांत पाठवितात. सकाळीं प्रार्थना, दुपारीं शाळेच्या भिंती रंगविणें, सायंकाळीं पोरक्या मुलांशीं खेळणें, आणि मुलांना लळा लागतो न लागतो तोंच परतीचें विमान. आपण हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याहि घरचीं मुलें सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीस जातात, मेळघाटांत चार दिवस राहून येतात, आणि घरीं येऊन मोठ्या उत्साहानें सांगतात, कीं आम्हीं सेवा केली. आईबापांनाहि अभिमान वाटतो, व तो वाटावाहि. परंतु त्या चार दिवसांत घेतलें अधिक कीं दिलें अधिक, हा प्रश्न त्यांना कोणी विचारतो काय?

आमच्या मतें याचें उत्तर सोपें आहे. थोड्या दिवसांच्या पाहुण्यानें विद्यार्थी होऊन जावें. दाता होण्यास थोडे दिवस पुरत नाहींत. शिकण्यास मात्र पुरतात. ज्यांच्या घरीं जावयाचें, त्यांचे दहा शब्द, त्यांच्या धान्याचीं नांवें, त्यांच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी घेऊन परत यावें, आणि आपण उपकार केले असें न म्हणतां ऋण घेतलें असें म्हणावें.

हिस्लॉपला अठरा वर्षें मिळालीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळें पाहून तो परतत होता. वाटेंत बोरीची शाळा तपासण्यास थांबला, म्हणून उशीर झाला. रात्रीं पुराच्या पाण्यांत तो बुडाला. घोडा मात्र रिकामा परत आला. त्याच वर्षीं स्थापन झालेलें नागपूरचें संग्रहालय, आपला अजब बंगला, सदरपासून फारसा दूर नाहीं. त्याच्या नांवानें १८८३ सालीं निघालेलें महाविद्यालयहि जवळच आहे.

वाचकांनीं मुलांना घेऊन एकदां या बाजूस अवश्य यावें. घरच्या मुलांना पाद्र्यांची भीति घालण्याचे दिवस गेले. त्यांची आंधळी स्तुति करण्याचेंहि कारण नाहीं. लक्ष्मीबाईंचे हाल व हिस्लॉपची शाळा, दोन्ही मुलांना सांगावीं. आमच्या वडिलांनीं जें खालच्या आवाजांत म्हटलें, तें आपण उघड बोलावें, म्हणजे मुलांना परक्याच्या दारीं ताठ मानेनें जातां येईल, आणि नम्रपणें परतहि येतां येईल.