चुलीपाशी बसलेली देवता

भाऊ वेगळे झाले, हे सांगताना मराठी माणूस ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतो. घरातील लहानथोर सर्वांना जेवावयास बोलवायचे असेल तर ‘चूलबंद’ आमंत्रण धाडतो. भिंती त्याच असल्या, अंगण तेच असले, तरी चूल दुभंगली की घर दुभंगले, हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे. प्राचीन ग्रीकांची भाषा याहून एक पाऊल पुढे गेली. घरातील चूल आणि त्या चुलीची देवता, या दोहोंना तिने एकच शब्द दिला : हेस्टिया.

हेस्टिया ही देवराज झ्यूसची थोरली बहीण. समुद्रदेव पोसायडन आणि अपोलो या दोघांनीही तिला मागणी घातली. तिने झ्यूसच्या मस्तकाला हात लावून आजन्म कौमार्याची शपथ घेतली. विवाहसुखाच्या जागी झ्यूसने तिला घराच्या मध्यभागी स्थान दिले आणि सर्व देवालयांत मान दिला. या देवतेच्या कथा जवळजवळ नाहीतच. ती युद्धात उतरत नाही, कोणाचा मत्सर करीत नाही, शाप देत नाही, घर सोडून कोठे जात नाही. तरीही अर्पणाचा पहिला वाटा तिचाच असे. आपण जसे कार्याचा श्रीगणेशा करतो, तसे ‘हेस्टियापासून आरंभ करणे’ हा ग्रीकांचा वाक्प्रचार होता.

घरातील तिची सेवा अगदी साधी होती. मूल जन्मले की थोड्याच दिवसांत त्याला चुलीभोवती फिरवून आणीत; त्या प्रदक्षिणेनंतर ते त्या घराचे होई. नवी सून घरात आली की तिला चुलीपाशी बसवून तिच्यावर सुकी अंजिरे, खजूर, अक्रोड उधळीत. विशेष असे की विकत आणलेल्या दासाचे स्वागतही याच रीतीने होई. उंबरठ्यावरचे माप ओलांडून आलेल्या सुनेचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही. नगराच्या उत्सवांत पशुबळी दिले जात, हे खरे. पण घरातील नित्याच्या अर्पणात बहुधा जवाचे दाणे, पोळी, मध, मद्याचे चार थेंब आणि धूप एवढेच असे.

आता प्रश्न मूर्तीचा. ग्रीकांइतक्या देखण्या मूर्ती फार थोड्या लोकांनी घडविल्या. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात इ. स. पूर्व ४३८ मध्ये शिल्पकार फिडिअसने घडविलेली अथेनाची मूर्ती स्थापन झाली. हस्तिदंत आणि सुवर्ण यांची ती मूर्ती सुमारे बारा मीटर उंच होती. इतिहासकार थ्युसिडिडिस नोंदवितो की तिच्या अंगावर चाळीस टॅलंट, म्हणजे आजच्या मापाने सुमारे एक हजार किलो, शुद्ध सोने होते आणि ते काढून घेता येईल असेच बसविलेले होते. युद्ध तोंडाशी आले तेव्हा पेरिक्लिसने नगराच्या साधनसंपत्तीचा हिशेब मांडताना हे सोनेही जमेस धरले; मात्र अट अशी घातली की वापरले तर तितकेच परत केले पाहिजे. देवीकडून घेतलेले ते कर्ज ठरले असते. पुढे लॅकारिस नावाच्या सत्ताधीशाने मूर्तीवरचे सोने उतरविले आणि ती अट कोणी आठवली नाही.

हेस्टियाच्या वाट्याला असे वैभव आले नाही आणि म्हणून अशी लूटही आली नाही. अथेन्सच्या नगरगृहात तिची मूर्ती होती, असे प्रवासी पौसानिअस सांगतो. हर्मिओनी गावच्या तिच्या मंदिरात मात्र त्याला मूर्ती आढळली नाही. केवळ एक वेदी होती. मूर्ती असावी की नसावी, या प्रश्नावर आपल्याकडेही पिढ्यान्पिढ्या विचार झाला आहे. ग्रीकांनी या देवतेपुरती दोन्ही उत्तरे जवळ ठेवली. इ. स. पूर्व ३४८ मध्ये मॅसेडोनियाच्या फिलिपने ओलिंथस नगर उद्ध्वस्त केले. त्याच्या अवशेषांचे १९२८ ते १९३८ या काळात उत्खनन झाले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. त्यांत भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती आणि उचलून ठेवता येतील अशा छोट्या वेदी सापडल्या. बांधीव चुली मात्र थोड्याच घरांत निघाल्या. अग्नी शेगडीसारख्या पात्रात असे, जेथे माणसे बसत तेथे तो नेला जाई. देवघराची जागा ठरलेली असो वा नसो, देवता माणसांबरोबर घरात वावरत असे.

या अग्नीचे मोल किती, हे प्लुटार्कने सांगितलेल्या एका हकिकतीवरून कळते. इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लाटीआ येथे पर्शियन सैन्याचा पराभव झाला. विजय मिळाला होता. पण परचक्रामुळे घराघरांतला अग्नी विटाळला आहे, असा कौल डेल्फीहून आला. सर्व अग्नी विझवा आणि डेल्फीच्या सामायिक चुलीवरून नवा अग्नी आणा, अशी आज्ञा झाली. युकिडास नावाचा तरुण धावत निघाला. डेल्फीला शुद्ध होऊन त्याने अग्नी घेतला आणि सूर्यास्तापूर्वी तो परतला. एका दिवसात त्याने एक हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर अंतर तोडले. नगरवासीयांना वंदन करून त्याने अग्नी स्वाधीन केला आणि तो जागीच कोसळून गतप्राण झाला. त्या रात्री प्लाटीआत ज्या चुली पेटल्या, त्या त्याच्या श्वासावर पेटल्या.

दुसरी हकिकत शरणागताची. अथेन्सला तारणारा थेमिस्टोक्लिस पुढे स्वतःच्याच नगराकडून हाकलला गेला आणि आश्रय शोधीत मोलोसियांचा राजा अ‍ॅडमेटस याच्या दारी आला. सत्तेवर असताना याच राजाचा त्याने विरोध केला होता. राजा घरी नव्हता. राणीने त्याला सांगितले, आमच्या बाळाला मांडीवर घे आणि चुलीपाशी बस. राजा परतला तेव्हा त्याचा जुना वैरी त्याच्याच चुलीशी, त्याच्याच पुत्राला घेऊन बसला होता. मागावर आलेल्यांच्या हाती राजाने त्याला दिले नाही. तिथे मूर्ती होती की नाही, हे थ्युसिडिडिस सांगत नाही. त्या घरात देवतेचा मान राखला गेला, एवढे मात्र निश्चित.

इ. स. ३९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसिअसच्या राजाज्ञेने मंदिरांबरोबर घरातील पूजाही निषिद्ध ठरविली. गृहदेवतांपुढे दिवा लावणे, धूप जाळणे, हार घालणे हे गुन्हे ठरले. ज्या घरात असे घडेल ते घर सरकारजमा करावे, असा दंड होता. मंदिराची दारे बंद करणे सोपे असते. कोनाड्यातल्या पणतीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतर सोळा शतके उलटून गेली. २०१७ मध्ये ग्रीसच्या शासनाने प्राचीन हेलेनिक धर्माच्या अनुयायांना मान्यताप्राप्त धर्माचा दर्जा दिला. आज ग्रीसमध्ये आणि बाहेरही काही घरांत हेस्टियाची लहानशी मूर्ती मांडलेली असते आणि तिच्यापुढे दिवा अथवा मेणबत्ती लावली जाते.

अशी मूर्ती विकत आणणे कठीण नाही. मूर्ती ही ठेवीच्या पावतीसारखी असते. पावती जपावी, पण ठेव मोडून टाकली असेल तर नुसत्या पावतीचा उपयोग नाही. हेस्टियापाशी ठेवण्याची ठेव तिच्या उपासकांनीच सांगून ठेवली आहे : नव्या जिवाला आपले म्हणणे, परक्या घरातून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी गोड देणे, वैरी शरण आला तर त्याला बसायला जागा करणे आणि विटाळलेला अग्नी पुन्हा शुद्ध करण्यासाठी कोणीतरी धावणे. स्वयंपाकघरात आता ज्वाला बटणाने पेटते आणि बटणाने विझते. तिच्याभोवती घरातील सगळी माणसे दिवसातून एकदा तरी एकत्र बसतात का, हे ज्या त्या घराने आपले आपण पाहावे.